टॅपेटचा आवाज

सकाळच्या शांत वेळीं एखादी जुनी अँबॅसेडर गाडी सुरू झाली, म्हणजे तिच्या इंजिनांतून निघणारा एक बारीक, ठेक्यांतला आवाज साऱ्या गल्लीच्या ओळखीचा असे. शिवणयंत्र चालावें तसा तो टिकटिकाट. गाडीच्या मालकास त्याची लाज वाटे आणि मिस्त्रीस त्याचें कांहींच वाटत नसे. “हा आवाज बंद करा,” असें मालकानें सांगितलें, तर जुना जाणता मिस्त्री बहुधा उत्तर देई कीं, “साहेब, थोडा आवाज आहे तोंवर झडप शाबूत आहे.” हें उत्तर पुष्कळांना टाळाटाळीचें वाटलें. परंतु ज्या मालकांनीं हट्ट धरून आवाज बंद करविला, त्यांच्यापैकीं कित्येकांवर पुढें सिलिंडर हेड उतरविण्याचा खर्च सोसण्याची पाळी आली.

हा आवाज कोठून येतो, तें प्रथम पाहिलें पाहिजे. कलकत्त्याजवळील उत्तरपाडा येथें २०१४ सालापर्यंत तयार होणाऱ्या अँबॅसेडर गाडींत कित्येक वर्षें मूळच्या ब्रिटिश बनावटीचें १,४८९ घन सेंटिमीटरचें पेट्रोल इंजिन असे. त्याला चार सिलिंडर व आठ झडपा. प्रत्येक सिलिंडरला एक झडप हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत घेण्यासाठीं आणि दुसरी जळालेला वायु बाहेर टाकण्यासाठीं. इंजिनाच्या पोटांत कॅमशाफ्ट नांवाचा दांडा फिरतो. त्याच्यावरचा उंचवटा टॅपेटला वर उचलतो, टॅपेट एका उभ्या सळईला ढकलतो, आणि ती सळई माथ्यावरच्या रॉकरचें एक टोंक वर लोटते. रॉकर तराजूच्या दांडीसारखा मध्यें टेकलेला असल्यामुळें त्याचें दुसरें टोंक खालीं येतें व स्प्रिंगचा जोर मोडून झडप उघडतें. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगानें फिरतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला पंचवीस वेळां उघडते व मिटते.

आतां रॉकरचें टोंक आणि झडपेच्या दांडीचें डोकें यांच्यामध्यें झडप मिटलेली असतांना थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते. या इंजिनांत ती ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर ठेवीत. रॉकर ही फट ओलांडून झडपेच्या डोक्यावर आदळतो, तोच तो टिकटिकाट.

ही फट हवीच कशाला, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर उष्णतेंत आहे. जळका वायु बाहेर सोडणाऱ्या झडपेचा माथा गाडी चढ चढत असतांना सातशें अंश सेंटिग्रेडच्या घरांत तापतो. अंधारांत पाहतां आला असता, तर तो लाल दिसला असता. पोलाद तापलें कीं वाढतें. शंभर मिलिमीटर लांबीची पोलादी दांडी पांचशें अंशांनीं तापविली, तर ती सुमारें ०.६ मिलिमीटरनें लांबते. झडपेची सबंध दांडी इतकी तापत नाहीं, आणि तिच्याबरोबर हेड व ब्लॉक हेही थोडेबहुत वाढतात, म्हणून हिशेब इतका सरळ नाहीं. निरनिराळ्या इंजिनांना निरनिराळें माप लागतें तें यामुळेंच. एका गाडीचें माप दुसऱ्या गाडीला लावणाऱ्या मिस्त्रीपासून दूर राहिलेलें बरें.

फट अधिक राहिली तर आवाज वाढतो, झडप उशिरां व कमी उघडते, गाडीचा जोर किंचित् उतरतो, आणि आदळआपटीनें भाग झिजतात. हें नुकसान आहे, पण तें हळूहळू होणारें व कानाला कळणारें आहे. फट कमी राहिली, तर मात्र प्रकरण निराळें. झडपेला आपली उष्णता टाकण्याची मुख्य वाट म्हणजे तिची बैठक. मिटलेली असतांना ती बैठकीला घट्ट टेकते, आणि बैठकीमागून वाहणारें पाणी ती उष्णता नेतें. फटच उरली नाहीं, तर तापून लांबलेली झडप पुरती मिटत नाहीं. बैठकीची वाट तुटते, झडप आणखी तापते, आणि स्फोटाच्या ज्वाळा त्या बारीक फटींतून जोरानें सुटून तिची कडा कुरतडतात. हें सारें मुकाट्यानें चालतें. टिकटिकाट थांबलेला असल्यामुळें मालक खुष असतो. मग एके दिवशीं इंजिन मंद चालीवर अडखळूं लागतें, सायलेन्सरमधून फुसफुस ऐकूं येते, आणि घाटाच्या चढावर गाडी उभी राहते.

जुन्या गाड्यांच्या बाबतींत आणखी एक कारण आहे. पूर्वीं पेट्रोलमध्यें शिशाचें संयुग मिसळीत, व त्याचा पातळ थर झडपांच्या बैठकींना संरक्षण देई. भारतांत २००० सालच्या फेब्रुवारीपासून शिसेंयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. हवेच्या व लहान मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीनें तें योग्यच झालें. पण ज्या जुन्या इंजिनांच्या बैठकी नुसत्या ओतीव लोखंडाच्या आहेत, तीं सतत भरधाव चालविल्यास बैठकी झिजून झडपा वर सरकतात व फट आपोआप मिटत जाते. अशा गाडीचा आवाज दिवसेंदिवस कमी होत असेल, तर ती सुधारत आहे असें समजूं नये.

फट बसविण्याचें काम या इंजिनांत थंड स्थितींत करतात, म्हणून गाडी आदल्या रात्रीपासून उभी ठेवलेली बरी. हेड नुकतेंच उतरवून बसविलें असेल, तर त्याचे नट आधीं मापानें आवळले पाहिजेत, नाहींतर सगळी मेहनत फुकट जाते. प्लग काढले म्हणजे इंजिन हातानें सहज फिरतें. मग झांकण काढून झडपा पुढून मागें एक ते आठ मोजावयाच्या. येथें एक फार सुंदर युक्ति आहे. तिला नवाचा नियम म्हणतात. आठवी झडप पूर्ण उघडी असेल तेव्हां पहिली तपासावी; सहावी उघडी असतां तिसरी, चौथी उघडी असतां पांचवी, सातवी उघडी असतां दुसरी. दोन्ही आंकड्यांची बेरीज प्रत्येक वेळीं नऊच. उलट बाजूनेंही तेंच. पहिल्या व चौथ्या सिलिंडरच्या हालचालींत इंजिनाच्या बरोबर एका फेऱ्याचें अंतर असतें, आणि तसेंच दुसऱ्या व तिसऱ्याच्या. म्हणून एकाची झडप पूर्ण उघडी असतांना दुसऱ्याच्या तशाच झडपेचा टॅपेट कॅमच्या पाठीवर, म्हणजे अगदीं सखल भागावर, निवांत टेकलेला असतो. ज्याला नऊपर्यंत बेरीज येते, त्याला चूक होण्याचें कारण नाहीं.

योग्य जाडीची फीलर गेजची पाती फटींत सरकवावी. ती किंचित् अडखळत सरकली पाहिजे, ओढावी लागतां कामा नये. माप चुकलें असेल, तर पान्ह्यानें नट ढिला करून पेंचकसानें स्क्रू फिरवावा. नट पुन्हां आवळतांना स्क्रू पेंचकसानें धरून ठेवावा लागतो, आणि आवळल्यावर पाती पुन्हां घालून पाहावी लागते. उतावळे लोक हें शेवटचें पाहणें गाळतात; नट आवळतांना स्क्रू केसभर फिरलेला असतो.

सगळ्या झडपा मापांत बसल्या आणि तरीही एकीचा टिकटिकाट राहिला, तर बहुधा रॉकरच्या टोंकाला खळगा पडलेला असतो. सपाट पाती त्या खळग्यावर पुलासारखी टेकते. ती पंधरा हजारांश दाखविते, खरी फट तिच्याहून मोठी असते. असा रॉकर घासून किंवा बदलूनच घ्यावा लागतो. तेथें स्क्रू आवळून आवाज दाबणारा मिस्त्री खळग्याचा दोष झडपेच्या माथीं मारतो.

हल्लींच्या पुष्कळ गाड्यांत तेलाच्या दाबानें ही फट आपोआप भरून निघते व मालकाला टॅपेट हा शब्दही ठाऊक नसतो. कितीतरी मोटारसायकलींत मात्र स्क्रू आणि नट हीच जोडी अजून काम करीत आहे.

झांकण बसवितांना खालचें कॉर्कचें पॅकिंग नवें घालावें. जुनें दाबून कडक झालेलें असतें, आणि तेल पाझरून तापलेल्या इंजिनावर पडलें, म्हणजे गाडींत जळक्या तेलाचा वास येऊं लागतो व घरची मंडळी टॅपेटची तक्रार सोडून त्याची तक्रार सुरू करतात.