वनक्षेत्रपालाची पात्रता



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, देशाची अर्थस्थिती असे भारदस्त विषय असायचे. त्यांच्या पंगतीस आम्ही आज एक साधी सरकारी नोकरी आणून बसविली आहे. कोणी म्हणेल, हा विषय व्यासपीठावरचा नव्हे, जाहिरातीच्या फलकावरचा आहे. परंतु आपल्या बुलढाण्यात, चिखलीत, खामगावात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, त्यांतले दिवे रात्री बारापर्यंत जळतात, आणि त्या दिव्यांखाली बसलेल्या मुलामुलींपैकी काहींच्या डोळ्यांसमोर खाकी पोशाख असतो. त्यांचे आईबाप ह्या सभेत आहेत. मुलगा कसला अभ्यास करतो एवढे त्यांस ठाऊक असते. तो अभ्यास कशासाठी आहे, हे मात्र कोणी त्यांस नीटसे सांगत नाही. म्हणून हा खटाटोप.

ज्याला आपले जुने लोक रेंजर म्हणतात, त्याला सरकारी कागदात वनक्षेत्रपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी असे नाव आहे. जंगलाच्या कारभाराची उतरंड समजून घेतली म्हणजे ह्या पदाचे मर्म ध्यानात येते. सर्वांत खाली वनरक्षक. त्याच्याकडे जंगलाचा एक तुकडा, म्हणजे नियतक्षेत्र असते. असे काही तुकडे मिळून एक वर्तुळ, त्यावर वनपाल. काही वर्तुळांचे परिक्षेत्र, त्यावर वनक्षेत्रपाल. त्याच्यावर सहायक वनसंरक्षक, उपवनसंरक्षक आणि मग नागपूरपर्यंत चढत जाणारी मंडळी. वनक्षेत्रपाल हा गट ब चा राजपत्रित अधिकारी. जंगलाच्या कुशीत राहणारा हा शेवटचा साहेब, आणि ज्याच्या सहीला सरकारदरबारी वजन असते असा जंगलाकडून येणारा पहिला माणूस. वरचे हुकूम त्याच्यापाशी येऊन पायी चालू लागतात, आणि खालची पायपीट त्याच्यापाशी येऊन कागद बनते.

ही जागा इंग्रजांनी मोठ्या हिशेबाने निर्माण केली. १८६४ साली ब्रँडिस ह्या जर्मन वनशास्त्रज्ञास त्यांनी हिंदुस्थानच्या जंगलांचा पहिला महानिरीक्षक नेमले, आणि १८७८ साली डेहराडूनला वनशाळा निघाली ती मुख्यतः रेंजर तयार करण्यासाठी. वरचे गोरे अधिकारी शिकायला फ्रान्सात आणि जर्मनीत जात, पुढे इंग्लंडात. हुकूम देणारा युरोपात शिकलेला आणि जंगल प्रत्यक्ष सांभाळणारा डेहराडूनचा, अशी ती वाटणी होती. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात ह्या वाटणीची एक गंमतीची खूण आहे. किरकोळ वनगुन्हा दंड घेऊन मिटविण्याचा अधिकार कोणास द्यावा, तर तो रेंजरच्या दर्जाहून खालचा नसावा आणि त्यास महिना निदान शंभर रुपये पगार असावा, असे ६८ व्या कलमात लिहिले आहे. माणसाची सचोटी पगाराच्या आकड्याने मोजणारे हे कलम वाचून हसू येते खरे, पण आम्हांस त्यात थोडे शहाणपणही दिसते. अर्धपोटी माणसाच्या हाती तडजोडीचा अधिकार देऊ नये, हे त्या कायदेपंडितांस कळत होते.

आता आजच्या पात्रतेकडे वळू. महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत ही भरती होते. आधी पूर्वपरीक्षा, मग मुख्य परीक्षा, मग मुलाखत. २०२३ पासून पूर्वपरीक्षा इतर राजपत्रित सेवांबरोबर एकत्र होऊ लागली. पदवी लागते, आणि तीही कोणतीही नव्हे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगर्भशास्त्र, रसायन, पदार्थविज्ञान, गणित, संख्याशास्त्र, वनशास्त्र, कृषी, पशुवैद्यक, अभियांत्रिकी अशा ठरीव विषयांची. कला शाखेच्या पदवीधरास हे दार बंद आहे. अभ्यासिकेत दोन वर्षे घालवून मग ही अट वाचणारी मुले आहेत, म्हणून हे येथे ठासून सांगतो. अर्ज भरण्याच्या आधी त्या वेळची जाहिरात अथपासून इतिपर्यंत वाचावी. अटी बदलतात, आणि ऐकीव माहितीने भरलेल्या अर्जाची दया आयोगास येत नाही.

उंची, छाती, दृष्टी ह्यांची मापे आहेत. आणि शिवाय एक चाल आहे. पुरुष उमेदवाराने चार तासांत पंचवीस किलोमीटर चालून दाखवावयाचे. स्त्रियांसाठी अंतर कमी आहे. बुलढाण्याहून निघून चिखली गाठण्याचाच जवळजवळ हा प्रकार, तोही तासाला सहा किलोमीटरांहून अधिक वेगाने, मध्ये चहाला न थांबता. साऱ्या परीक्षेत आम्हांस हीच कसोटी सर्वांत प्रामाणिक वाटते. प्रश्नपत्रिकेचे उत्तर पाठ करता येते. पंचविसावा किलोमीटर पाठ करता येत नाही. तरी पुष्कळ मुले तिच्याकडे शेवटच्या महिन्यात वळतात. अडीच वर्षे खुर्चीवर बसून एका महिन्यात जंगलात चालायचे पाय कमावता येतील, असे त्यांस वाटते.

निवड झाली की सुमारे दीड वर्षाचे शिक्षण. सांगली जिल्ह्यात कुंडलला वन अकादमी आहे, चंद्रपूरच्या जुन्या वनक्षेत्रपाल महाविद्यालयाचीही आता अकादमी झाली आहे. तेथे वनसंवर्धन, मोजणी, कायदा, बांधकाम, हत्यार चालविणे, जंगलांच्या सहली हे सारे होते. मग एके दिवशी पंचविशीतला तो मुलगा किंवा ती मुलगी एखाद्या परिक्षेत्राच्या कचेरीत येऊन खुर्चीवर बसते, आणि समोर उभा राहतो तो वीस वर्षे जंगल तुडविलेला वनपाल.

आमच्या मते खरी पात्रता येथे सुरू होते, आणि तिची परीक्षा आयोग घेत नाही. वनक्षेत्रपाल स्वतः झाड लावीत नाही, स्वतः रोज गस्त घालीत नाही. त्याचे काम दुसऱ्यांच्या कामाची देखरेख. म्हणजे दुसऱ्याच्या पायांनी चालून आलेल्या माहितीवर आपली सही करणे. वनरक्षकाच्या रोजनिशीत लिहिलेले असते, 'अमुक नाल्यापर्यंत गस्त केली, काही आढळले नाही.' हे वाक्य खरे की घरी बसून लिहिलेले, हे ओळखायचे कसे? त्या नाल्यापर्यंत साहेब कधी स्वतः गेला असेल तरच. तेथे मार्चमध्ये पाणी असते की नाही हे त्यास ठाऊक असेल, तर तो एवढेच विचारील, 'पाण्यावर ठसे कसले होते?' त्या एका प्रश्नात वनरक्षकास कळून चुकते की हा साहेब चालणारा आहे. आता व्याघ्रप्रकल्पांत गस्तीची वाट टिपणारी यंत्रे आली आहेत. माणूस कोठून कोठे गेला हे ती बिनचूक सांगतात. त्याने वाटेत काय पाहिले, हे अजून माणसालाच विचारावे लागते.

दुसरी गोष्ट पंचनाम्याची. सागाचे झाड रात्रीत तुटले. थुटाचा घेर किती, माल किती सापडला, पंच कोण, वेळ कोणती, जप्तीच्या मालावर हातोड्याचा शिक्का उमटला की नाही, हे सारे पहिल्या गुन्हा अहवालात नोंदले जाते. हा अहवाल लिहितो खालचा माणूस, बहुधा उन्हात, गुडघ्यावर कागद ठेवून. न्यायालयात तो उभा राहतो चार-पाच वर्षांनी, आणि वकील विचारतो की घेर छातीच्या उंचीवर मोजला की जमिनीलगत. तेथे गुन्हेगार सुटला तर दोष कुणाचा? लिहिणाऱ्याचा आहेच, पण लिहिल्या दिवशी जो तो न वाचता सही करून मोकळा झाला, त्याचा आम्ही अधिक धरू. वन्यजीव कायदा १९७२ चा, वनहक्कांचा कायदा २००६ चा. हे दोन्ही कायदे तोंडपाठ असणारे उमेदवार आम्ही पाहिले आहेत. त्यांस एकदा साधा पंचनामा लिहावयास बसवावे, म्हणजे कायदा किती कळला ते दिसते.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलू. येथे तीन अभयारण्ये आहेत आणि तिघांचे स्वभाव तीन. बोथ्याच्या घाटातून खामगावास जाताना लागते ते ज्ञानगंगा, सुमारे दोनशे पाच चौरस किलोमीटरांचे, १९९७ साली जाहीर झालेले. अस्वले आणि बिबटे ही त्याची ओळख. अस्वल हे वाघापेक्षा अवघड प्रकरण आहे, हे रानात सरपण वेचणाऱ्या बायांस विचारा. संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या अंगाला अंबाबरवा, मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचा भाग. तेथे कोरकू, भिल्ल, निहाल अशा समाजांशी नाते जोडल्यावाचून कोणाही अधिकाऱ्याचे पान हलत नाही. आणि तिसरे लोणारचे, अवघे पावणेचार चौरस किलोमीटरांच्या आतले. पण त्या विवरात कमळजादेवी आहे, नवरात्रात यात्रा आहे, खारे पाणी आहे. २०२० च्या जून महिन्यात ते पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने मीठ सोसणाऱ्या सूक्ष्म जिवांकडे बोट दाखविले. अस्वल, माणसे आणि सूक्ष्म जीव, असा तिन्ही ठिकाणचा निरनिराळा अभ्यासक्रम आहे, आणि बदली झाली की तो नव्याने शिकावा लागतो.

ज्ञानगंगेची आणखी एक हकीकत सांगण्याजोगी आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ, ज्याच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत पट्टा बांधला होता, तो त्याच वर्षी बाहेर पडला. तेलंगणात शिरला, परत आला, शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडीत सुमारे तेराशे किलोमीटर चालून डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगेत पोचला. वर्तमानपत्रांनी वाघाचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. आमचे लक्ष मात्र दुसरीकडे गेले. ह्या वाटेवर किती परिक्षेत्रांच्या हद्दी लागल्या असतील! एकेका हद्दीवर कोणा वनक्षेत्रपालास कळले असेल की आज रात्री वाघ आपल्याकडे येतो आहे. गावात काय सांगायचे आणि काय सांगायचे नाही, कापूस वेचायला गेलेल्या बायांस केव्हा घरी बोलवायचे, गर्दी कशी आवरायची, मारलेल्या गुराची भरपाई किती लवकर मिळवून द्यायची, हे निर्णय त्यांनी घ्यावयाचे. भरपाईस उशीर झाला की पुढच्या वाघाच्या भक्ष्यावर विष पडते, हा जंगलाजवळच्या प्रदेशांतला अनुभव आहे. वाघ जिवंत पोचला, ह्यात त्या अनामिक लोकांचा वाटा आहे असे आम्ही धरून चालतो.

ही नोकरी जिवावरची आहे, हेही लपवू नये. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोब्यात व्याघ्रगणनेसाठी पायी फिरणारी एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू पावली. तिला तेथे पाठविण्याचा हुकूम कोणा वरिष्ठाच्या सहीनेच निघाला असणार. आम्ही दोष देत नाही. ते काम करावेच लागते. पण देखरेख हा शब्द किती जड आहे, हे कळण्यासाठी उमेदवाराने ही घटना जरूर आठवावी.

जंगलात नोकरी म्हणजे सरस्वतीला रामराम, असे मानणारेही आहेत. त्यांनी मारुती चितमपल्ली ह्यांच्याकडे पाहावे. सोलापूरच्या ह्या मुलाने कोईमतूरला वनशिक्षण घेतले, छत्तीस वर्षे खात्यात काढली, आदिवासींकडून पाखरांची आणि झाडांची नावे टिपून घेतली. २००६ साली ते सोलापुरात साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि २०२५ साली पद्मश्री मिळाल्यावर काही महिन्यांत निवर्तले. त्यांचा शब्दसंग्रह कचेरीत बसून झालेला नाही.

शेवटी संग्रामपुराकडच्या मुलांचा प्रश्न. ज्याला जंगल पावलागणिक ठाऊक आहे, पण विज्ञानाची पदवी नाही, त्याने काय करावे? त्याने वनरक्षकाच्या भरतीकडे पाहावे. तेथे बारावी पुरते. विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र ह्यांपैकी एक विषय असावा लागतो, आणि अनुसूचित जमातीच्या उमेदवारास आतापर्यंतच्या जाहिरातींत दहावीवर सवलत मिळाली आहे. वनरक्षकाचा वनपाल होतो, वनपालाचा पदोन्नतीने वनक्षेत्रपाल. वाट लांब आहे, केस पिकतात. अभ्यासिकेतून सरळ खुर्चीवर आलेल्या तरुणास असा एखादा पिकल्या केसांचा वनपाल हाताखाली मिळाला, तर त्याने पहिल्या आठवड्यात कपाटातल्या फायली बाजूस ठेवून त्याच्याबरोबर आधी हद्दीवरून चालून यावे. पंधरा फेब्रुवारी ते पंधरा जून हा वणव्याचा हंगाम. म्हणजे आपण येथे पंख्याखाली बसलो आहोत ह्या घटकेस बोथ्याच्या जंगलात कोणीतरी जाळरेषेवरचा पाला ओढीत असेल, आणि त्याची हजेरी तपासायला कोणीतरी गेले असेल किंवा नसेल.