झाडाचे दोन आश्रित

भडगांवसारख्या गिरणाकांठच्या शिवारांत जुन्या बाभळीच्या बुंध्याशीं पावसाळ्यांत कधीं तांबूस, चकचकीत छत्र्या फुटतात. ही गॅनोडर्मा नांवाची बुरशी. ती मुळें व लाकूड कुजविते. झाड मेलें तरी तिचीं कोट्यवधि बीजुकें वाऱ्यावर दुसरें झाड शोधितात.

आतां दक्षिण सह्याद्रींतील सिंहपुच्छ वानर पाहा. तो फळें खातो व बिया दूर टाकून रान वाढवितो. मादीस एका वेळीं बहुधा एकच पिलूं होतें. रान तुटलें कीं त्यास सहजासहजीं दुसरा थारा मिळत नाहीं. आज रानांत हे वानर सुमारें ४००० च्या आंतच उरले आहेत.

आश्रयदात्यास खाणारी बुरशी फोफावते. त्यास राखणारा वानर संकटांत आहे. कुऱ्हाड हातीं घेणाऱ्या मनुष्यानें यांपैकीं कोणाचा धर्म पत्करावा, हें त्यानेंच ठरवावें.