शनिवारची हजेरी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

आदरणीय गुरुजनहो, आणि १९८८ सालच्या दहावीच्या माझ्या वर्गमित्रांनो, मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच ठरवून दिला आहे: आपल्या व्हॉट्सॲप गटावर शनिवारी रात्री चालणारा टीव्हीचा खेळ. समोर बसलेल्या सर-बाईंपैकी बऱ्याच जणांना तो माहीत नाही. आपल्या घरच्यांना मात्र चांगलाच माहीत आहे. शनिवारी नऊ वाजले की हा माणूस फोन घेऊन गच्चीवर जातो आणि एकटाच हसतो, अशी तक्रार मघाशी चहाच्या वेळी मी तीन वहिनींकडून ऐकली. म्हणून आधी खेळ सांगतो, आणि मग तीन वर्षं झाली तरी तो बंद का पडला नाही, ते सांगतो.

गट त्याआधीही होताच. सकाळी सुप्रभात, वाढदिवसाला केकचे फोटो आणि निवडणूक आली की भांडण, एवढंच त्यात चाले. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि २८ मार्चला, शनिवारी सकाळी, दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली. अर्ध्या गटानं टीव्हीच्या पडद्याचे फोटो टाकले. रात्री पारोळ्याच्या मित्रानं विचारलं, "भो, ही अयोध्या उभी कुठे केली होती, ते सांगा. जो गुगल करेल त्याला शाळेची शपथ."

नाशिकपासून नेपानगरपर्यंत सगळी गावं सांगून झाली. उत्तर होतं उंबरगाव. गुजरातेत, पण आपल्या पालघरच्या हद्दीला लागून. उत्तर यायला चाळीस मिनिटं लागली आणि त्या चाळीस मिनिटांत करोनाचं नाव कोणी काढलं नाही. दुसऱ्या शनिवारी पुन्हा खेळायचं ठरलं.

आता नियम. शनिवारी नऊला दहा प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला तीन खुणा. पहिल्या खुणेवर ओळखलं तर तीन गुण, दुसरीवर दोन, तिसरीवर एक. संघ दोन, जळगाव आणि धुळे. जे पुण्या-मुंबईत, सुरतेला किंवा परदेशात आहेत त्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केली. हरलेल्या संघानं हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी द्यायची. आज दुपारी तुम्ही जे भरीत खाल्लंत ते धुळेकरांच्या खर्चानं होतं, हे इथे नोंदवून ठेवतो.

आणि सगळ्यात मोठा नियम: शोधायचं नाही, आठवायचं. फोन हातातच असतो, एका बोटावर उत्तर असतं आणि तपासायला कोणी नसतं. तरीही तीन वर्षांत कोणी शोधून उत्तर दिलं असा संशय एकदाही घेतला गेला नाही. सर, परीक्षेच्या वेळी तुम्ही वर्गाबाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहायचात. त्याचा अर्थ आम्हाला तेव्हा कळला नव्हता.

खुणा कशा करायच्या, यात खरी गंमत आहे. नट कोण, एवढंच विचारलं तर खेळ दोन मिनिटांत संपतो. खूण आपल्या मातीतली पाहिजे. भुसावळच्या मित्रानं, रेल्वेतला माणूस, एकदा पहिली खूण दिली: "भुसावळहून गाडीत बसा, बऱ्हाणपूर मागे टाका, पुढच्या मोठ्या स्टेशनावर याचं घर." दुसरी खूण: "याचा धाकटा भाऊ गायचा." तिसरी खूण द्यावीच लागली नाही. खांडव्याचे अशोककुमार. 'हम लोग' ही मालिका ७ जुलै १९८४ला सुरू झाली आणि प्रत्येक भागाच्या शेवटी येऊन ते दोन शब्द बोलायचे. आपण तेव्हा नुकते सातवीत गेलो होतो.

शिरपूरच्या मैत्रिणीचा प्रश्न तर सगळ्यांना चकवून गेला. पहिली खूण: "मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची." भक्ती बर्वे, चारुशीला पटवर्धन, सगळी नावं आली. दुसरी खूण: "वडील आमच्या शिरपूरचे, स्वातंत्र्यसैनिक, पुढे मंत्री." तरी शांतता. तिसरी खूण: "'उंबरठा'." मग गटावर हात कपाळावर मारलेली चित्रंच चित्रं. स्मिता पाटील! शिवाजीराव गिरधर पाटलांची मुलगी. धुळे जिल्ह्याचं हे माणूस आधी टीव्हीवर दिसलं आणि मग पडद्यावर मोठं झालं, हे आपल्यातल्या निम्म्यांना त्या रात्री कळलं. गंमत म्हणजे तिनं वाचलेल्या बातम्या आपल्यापैकी जवळजवळ कोणीच पाहिलेल्या नाहीत.

त्याचं कारण सांगण्यासारखं आहे. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. आपल्यातले बहुतेक जण त्याच सालचे, म्हणजे ते केंद्र आपलं जुळं भावंडच. पण ते जन्मलं मुंबईत. सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्याला दिसू लागलं. खान्देशात मात्र सत्तरच्या दशकात आकाश कोरडंच होतं. 'चिमणराव-गुंड्याभाऊ'मधले दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्यावर मुंबई-पुण्याची मंडळी हसत होती, तेव्हा आपण पाटीवर बाराखडी गिरवत होतो. गटावर चिमणरावाचा प्रश्न आला की उत्तर देणारे दोघेच: ज्यांच्या वडिलांची बदली होऊन ते पाचवीत आपल्या वर्गात आले ते.

पुढे इन्सॅट उपग्रह आला, गावोगावी छोटे प्रक्षेपक उभे राहिले आणि आपल्याकडे टीव्ही आला तो दिल्लीची हिंदी बोलतच. घरात अहिराणी, वर्गात पुस्तकी मराठी आणि पडद्यावर हिंदी, अशी आपली पिढी. म्हणून आपल्या खेळात 'बुनियाद' आहे, 'मालगुडी डेज' आहे, सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' आहे. 'मालगुडी'वर आपण दोन शनिवार काढले. दिग्दर्शक शंकर नाग, स्वामीचे वडील झालेले गिरीश कार्नाड, शीर्षकातली आर. के. लक्ष्मण यांची चित्रं, चित्रीकरण कर्नाटकातल्या आगुंब्याचं. आगुंबे कुठे आहे हे सांगणारा आपला मित्र भूगोलात नेहमी काठावर पास व्हायचा. बाई, तुमचं शिकवणं वाया गेलेलं नाही, पोचायला जरा वेळ लागला.

या खेळानं आठवणींची झाडाझडतीही घेतली. एकदा प्रश्न होता: "'महाभारत' सुरू झालं तेव्हा आपण कितवीत होतो?" नववी, दहावी, अशी उत्तरं धडाधड आली. एकानं तर दहावीच्या सराव परीक्षेच्या आदल्या दिवशी 'महाभारत' पाहिल्याबद्दल खाल्लेला मारही सांगितला. आता तारखा बघा. 'रामायण' २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८. 'महाभारत' सुरू झालं २ ऑक्टोबर १९८८ला. तोवर आपली दहावी होऊन गेली होती. कोणी एम. जे. कॉलेजात, कोणी आयटीआयला, कोणी धुळ्याला मामाकडे. शाळेत असताना आपण पाहिलं ते 'रामायण', आणि 'महाभारत' पाहिलं ते एकमेकांपासून पांगल्यावर. मार खरा होता, फक्त तो 'रामायणा'साठी खाल्ला होता. पण मनानं 'महाभारत'ही शाळेतच नेऊन बसवलं. बहुधा एकट्यानं पाहिलेलं आठवायला मन तयार नसावं.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर उभा राहिलो, तिच्याकडे येतो.

दोन महिने खेळ रंगात आला, आणि धुळे संघाच्या कप्तानानं एक यादी गटावर टाकली. बावन्न जणांच्या गटात खेळत होते एकतीस. बाकीचे एकवीस कोण? यादी वाचली आणि लक्षात आलं, यातले बहुतेक जण शाळेत एसटीनं किंवा सायकलनं खेड्यावरून येणारे. ज्यांच्या घरी तेव्हा टीव्ही नव्हता.

टीव्हीचा खेळ म्हटला की टीव्ही असलेल्यांचाच खेळ होणार, हे उघड होतं. आपल्या वर्गात लाकडी शटरचा टीव्ही किती घरांत होता? फार तर दहा-बारा. पण पाहिलं सगळ्यांनीच, कुठून ना कुठून. यादी टाकल्यावर दुसऱ्या दिवशी एरंडोलकडच्या एका मित्राचा आवाजी निरोप आला. तो तुम्ही सगळ्यांनी ऐकला आहे, पण सर-बाईंसाठी सांगतो. तो म्हणाला, "भो, माले बठ्ठं माहीत शे. पण मी खिडकीतून पाह्यलं. आत गर्दी, आवाज बाहेर यायचा नाही. मला सगळे चेहरे पाठ आहेत, बोलले काय ते एकाचंही माहीत नाही."

त्यावर अमळनेरच्या मैत्रिणीनं लिहिलं, "माझं उलटं. रविवारी साडेनऊला सगळे शेजारी गेले की धुणं माझ्याकडे. भिंतीपलीकडून ऐकू यायचं. आवाज सगळे ओळखते, पाहिलं काहीच नाही."

त्या आठवड्यात नियम बदलला. एकट्यानं उत्तर द्यायचं नाही, जोडीनं द्यायचं, आणि जोडीत एक तरी जण असा हवा ज्याच्या घरी टीव्ही नव्हता. खिडकीवाला आणि भिंतीवाली यांची जोडी पहिल्याच शनिवारी जिंकली. आवाज तिनं ओळखायचा, चेहरा त्यानं सांगायचा. शिवाय अकरावा प्रश्न वाढवला, ज्याला गुण नाहीत: "हे तुम्ही कुठे बसून पाहिलं?" ग्रामपंचायतीचा संच, पाटलांचा ओटा, दवाखान्याची पडवी, कावळा बसला की पडद्यावर येणाऱ्या मुंग्या आणि गच्चीवरच्या अँटेनापाशी "आलं का?" म्हणून ओरडणारा भाऊ. माझ्या मते आपल्या खेळातली सगळ्यात चांगली उत्तरं या अकराव्या प्रश्नाचीच आहेत. जून संपेपर्यंत खेळणारे सत्तेचाळीस झाले.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण पुढच्या वर्षी कळलं. एप्रिल २०२१. दुसरी लाट. जळगाव काय, धुळे काय, घरोघरी माणसं आजारी. खेळावं की नाही यावर चर्चा झाली आणि बहुतेकांचं म्हणणं पडलं, खेळायचं. प्रश्न तीनच ठेवायचे, पण खेळायचं. त्या महिन्यातल्या एका शनिवारी खिडकीवाल्याचं उत्तर आलं नाही. त्याच्या जोडीदारणीनं नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन लावला. उचलला नाही. तिनं गावातल्या ओळखीच्या माणसाला त्याच्या घरी पाठवलं. तो तापानं पडून होता, बोलताना धाप लागत होती, बायको-मुलं माहेरी होती. रात्रीतून जळगाव संघातल्या दोघांनी खाट मिळवली. पंधरा दिवसांनी तो घरी आला. आज तो समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे, आणि त्याचं नाव घेऊ नको अशी त्यानं मला तंबी दिली आहे.

नियम बदलला नसता तर तो त्या एकवीस जणांतच राहिला असता. शनिवारी त्याचं उत्तर आलं नाही, हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

तेव्हापासून हा खेळ म्हणजे हजेरी आहे, असं मी धरून चाललो आहे. वर्गात आपलं नाव पुकारलं की आपण "हजर" म्हणायचो आणि त्यात काय एवढं, असं वाटायचं. हजेरीपटाचा खरा उपयोग गैरहजर कोण ते कळण्यासाठी असतो. त्या लाटेत आपले दोन सोबती गेले. ते दोघेही शेवटपर्यंत खेळत होते, आणि त्यांच्या घरच्यांकडे आपल्यातलं कोणी ना कोणी पहिल्याच दिवशी पोचलं.

आता थोडं हिशेबाचं. आज गटात छप्पन्न जण आहेत, खेळतात पन्नास. उरलेल्या सहांपैकी चार जण आज या सभागृहात आहेत. मी तुमची नावं घेणार नाही. "मला काही आठवत नाही" हे कारण चालणार नाही. तुमच्यासाठी अकरावा प्रश्न आहेच. टीव्ही पाहिलाच नसेल तर न पाहता रविवारी सकाळी काय करत होता, तेही चालेल.

आणि सर-बाईंना विनंती. तुम्हीही या. तुमच्या घरी त्या वेळी रविवारी सकाळी किती पोरं येऊन बसायची, कोणाला तुम्ही आत घेतलंत, आणि सोमवारी वर्गात गृहपाठ विचारताना ते तोंडावर आणलं नाहीत, हे आम्हाला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. तुम्हाला कोणत्या संघात घ्यायचं यावरून जळगाव-धुळ्यात वाद होणार हे नक्की. तो चिठ्ठ्या टाकून सोडवू.

येत्या शनिवारी प्रश्न काढायची पाळी धुळ्याची आहे. रात्री नऊ. उशीर झाला तर चालेल, पण उत्तर द्या. चुकीचं असलं तरी द्या.