चंद्राची हजेरी
(जीर्णोद्धार समारंभातील व्याख्यान)



संकष्टीच्या रात्री घरोघरी एकच प्रश्न असतो : चंद्र उगवला का? दिवसभर उपाशी असलेली आजी ओटीवर बसलेली असते, सून नैवेद्याचे ताट झाकून ठेवते, आणि नातू दिनदर्शिका दाखवून म्हणतो, "वेळ तर केव्हाच झाली!" कधी वाद आणखी वाढतो. दिनदर्शिकेत आज तृतीया छापली आहे, मग संकष्टी आज कशी? एका घरी आज उपास, शेजारी उद्या. शेवटी बोल लागतो तो पंचांगकर्त्याला. चंद्राचा महिन्याचा क्रम एकदा समजून घेतला, तर यातले बहुतेक वाद मिटतात.

सूर्य रोज जवळजवळ ठरल्या वेळी हजर होतो. चंद्र मात्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते, तेवढ्यात चंद्र आपल्या वाटेने थोडा पूर्वेकडे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी थोडे फिरावे लागते. तोच हा उशीर. तो साचत साचत सुमारे साडेएकोणतीस दिवसांत पुरा एक दिवस होतो आणि चंद्र पुन्हा सूर्याच्या जोडीला येतो. म्हणूनच महिन्यातून एखादी तारीख अशी येते की तिच्यात चंद्रोदयच नसतो. आदल्या दिवशी मध्यरात्रीच्या थोडा आधी उगवलेला चंद्र पुढच्या खेपेस मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, आणि मधली तारीख कोरी राहते.

आता महिन्याची हजेरी पाहू. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबर उगवतो व सूर्याबरोबरच मावळतो, म्हणून दिसत नाही. शुद्ध द्वितीयेच्या सुमारास तो संध्याकाळी पश्चिमेला बारीक कोरीसारखा दिसतो आणि लवकरच मावळतो. शुद्ध अष्टमीला तो दुपारी बाराच्या सुमारास उगवतो, दिवेलागणीला डोक्यावर असतो व मध्यरात्री मावळतो. पौर्णिमेला सूर्य मावळताना तो उगवतो आणि रात्रभर सोबत करतो. वद्य चतुर्थीला कधी रात्री आठच्या सुमारास, तर कधी दहा वाजून गेल्यावर उगवतो. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास येतो. गोकुळाष्टमीला कृष्णजन्माच्या वेळी पूर्वेला चंद्र वर येत असतो, तो यामुळेच. पुढे वद्य चतुर्दशीला पहाटे पूर्वेला पुन्हा बारीक कोर, आणि मग अमावास्या.

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. चंद्राचा अर्धा भाग सूर्यप्रकाशाने नेहमीच उजळलेला असतो. त्यातला किती भाग आपल्याकडे वळला आहे, त्यावर कला ठरते. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती केवळ चंद्रग्रहणात. चंद्राची वाट सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही.

तिथीचे गणित असे. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. ३० तिथींत ३६० अंशांचा फेरा पुरा होतो. चंद्राची वाट अगदी वर्तुळाकार नाही. तो पृथ्वीजवळ असताना भरभर चालतो, लांब असताना सावकाश. त्यामुळे तिथी कधी सुमारे १९ तासांत संपते, तर कधी २६ तासांपर्यंत लांबते. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची मानतात. एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपली, तर तिचा क्षय होतो. दोन सूर्योदयांना तीच असली, तर वृद्धी.

संकष्टीला मात्र सूर्योदयाची नव्हे, चंद्रोदयाची चतुर्थी पाहतात. सकाळी तृतीया असली आणि दुपारी चतुर्थी लागून ती चंद्रोदयाला चालू असली, तर संकष्टी त्याच दिवशी. तेव्हा दिनदर्शिकेतील तृतीया बरोबर, आणि संकष्टीही बरोबर!

आता वेळेचा वाद. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे ६ अंशांवर आहे, म्हणून तेथे चंद्र मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे आधी उगवतो. म्हणून संकष्टीची वेळ आपल्या जवळच्या शहराची पाहावी. शिवाय छापलेली वेळ मोकळ्या क्षितिजाची असते. गावाच्या पूर्वेला डोंगर असेल, तर चंद्र डोंगरावर यायला आणखी वेळ लागणारच. ढगाळ रात्री वृद्ध व आजारी माणसांना चंद्र दिसेपर्यंत उपाशी ताटकळत ठेवू नये. वेळ झाली की चंद्र ढगांच्या पलीकडे उगवलेला असतो, एवढे पक्के समजावे.

मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांचा नेहमीचा प्रश्न : सण दर वर्षी त्याच तारखेला का येत नाही? चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांचे. दर वर्षी ११ दिवस मागे पडतात आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास घालून ते भरून काढतात. गणेश चतुर्थी २०२२ साली ३१ ऑगस्टला आली. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून ती एकदम १९ सप्टेंबरवर गेली. मग २०२४ साली ७ सप्टेंबर, २०२५ साली २७ ऑगस्ट. हिशेब चोख आहे. रजा काढण्यापूर्वी अधिक मास पाहून ठेवला की झाले.

हा हिशेब आपल्या मातीतल्या माणसांनी जपला. कोकणात नांदगाव येथे गणेश दैवज्ञांनी सोळाव्या शतकात 'ग्रहलाघव' रचला आणि पंचांगाचे गणित सोपे केले. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहून ठेवला. आपल्या आज्या-पणज्यांना अक्षरओळख नसेल, पण कोर पाहून त्या तिथी सांगत. आता गल्लीगल्लीत विजेचे दिवे आले, फार सोय झाली. पण वर पाहण्याची सवय मोडली.

यासाठी एक साधी सूचना. शाळेतील मुलांनी एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत एक वही ठेवावी. रोज चंद्र केव्हा व कोठे दिसला, कोर कोणत्या बाजूला होती, हे लिहावे. दिवसा दिसला तर तेही लिहावे. वही पुरी झाली की ती देवळाच्या सभामंडपात लावावी. पुढच्या संकष्टीला आजीने विचारले, तर नातवाला दिनदर्शिका उघडावी लागणार नाही. तो अंगणात जाऊन पूर्वेकडे पाहील आणि सांगेल.