एसी थंड करत नाही? आधी गॅस भरू नका

आजचा एपिसोड ऐकताना नोट्स घेणं जमणार नाही, म्हणून सगळं इथे लिहून देतोय. विषय आहे जुन्या गाडीचा एसी. मागच्या महिन्यात व्हॅनमध्ये गादी टाकून फिरणाऱ्या दोघा-तिघांनी विचारलं होतं, की एसी घरी दुरुस्त होतो का? काही भाग होतो, काही भागाला अजिबात हात लावायचा नाही. ही रेषा कुठे आहे, ते मला गेल्या मे महिन्यात कळलं.

आमचं घर खामगावला. बाबांचं सरकी-ढेपेचं दुकान आहे आणि एक जुनी व्हॅन. आठवड्याचे सहा दिवस तिच्यात ढेपेची पोती असतात. पण आजीचं डायलिसिस सुरू झालं, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा मागे गादी टाकून आम्ही तिला अकोल्याला नेतो. जायला पन्नास-एक किलोमीटर, यायला तेवढेच. मी तेव्हा घरूनच काम करत होतो, म्हणून ड्रायव्हर मीच.

मे महिन्यातलं अकोला ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. त्या दिवशी बाहेर ४३ होतं. परत येताना बाळापूरच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली आणि गाडी उभी राहिली. पाच मिनिटांत एसीतून गरम हवा यायला लागली. डायलिसिसनंतर आजीचं बीपी तसंही खाली असतं. मागे वळून बघितलं तर चेहरा पांढरा, घाम सुटलेला. म्हटलं, "आजी, काय होतंय?" तर म्हणे, "मले काई होत नाई, तू गाडी चालव." दहा मिनिटांनी रांग हलली, गाडीने वेग घेतला आणि हवा पुन्हा थंड झाली. आजी सावरली. पण मी घाबरलो होतो.

दुसऱ्या दिवशी एका मेकॅनिककडे गेलो. त्यांनी बॉनेटही नीट उघडलं नाही. "भाऊ, गॅस संपला. दर दोन वर्षांनी भराच लागते." १८०० रुपये दिले. दोन दिवस बरं वाटलं, कारण दोन दिवस आभाळ होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग निदान बदललं: "कॉम्प्रेसर गेला. बावीस हजार."

इथे माझं डोकं सुरू झालं. ऑफिसमध्ये एखादा बग आला, तर आपण काय करतो? आधी बग नेमका कधी येतो ते बघतो. सर्व्हर बदलून टाकत नाही. गाडीच्या बाबतीत मी थेट सर्व्हर बदलायला निघालो होतो.

आता पाच वाक्यांत एसी. इंजिनचा पट्टा कॉम्प्रेसर फिरवतो. कॉम्प्रेसर गॅस दाबून गरम करतो. तो गॅस गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, उष्णता बाहेर टाकून द्रव होतो. मग बारीक वाटेतून डॅशबोर्डमागच्या दुसऱ्या जाळीत जातो, तिथे त्याची पुन्हा वाफ होते आणि ती केबिनमधली उष्णता ओढून घेते. आणि हे चक्र बंद असतं, त्यामुळे गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. जुन्या गाडीत रबरी नळ्यांमधून थोडा झिरपतो, पण पटकन कमी झाला तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

मग मी स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर एसीच्या जाळीत खोचला आणि फोनमध्ये आकडे लिहायला लागलो. हायवेवर ७०च्या स्पीडला: ११ अंश. उभ्या गाडीत पाच मिनिटांनी: २५. पुन्हा पळवली: १२.

हे आकडेच उत्तर देत होते. कॉम्प्रेसर खरंच गेला असता, तर हायवेवरही थंड झालं नसतं. पळत्या गाडीत कंडेन्सरला वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीत तो वारा फॅनने द्यायचा असतो. म्हणजे संशय फॅनवर किंवा जाळीवर.

पुढची जाळी काढली आणि मला हसावं की रडावं कळेना. कंडेन्सरवर कापसाची गोधडी! बाबा सरकी आणायला जिनिंगच्या आवारात जातात, तिथे हवेत तंतू उडत असतात. वर्षानुवर्षं ते धुळीसकट चिकटून थर झाला होता. आणि एसी चालू असूनही फॅन ठप्प.

पहिली चूक इथे केली. वॉशिंग सेंटरवर नेऊन जोरात पाण्याचा जेट मारून घेतला. कंडेन्सरच्या पात्या पत्र्याच्या आणि कागदासारख्या पातळ असतात, त्या आडव्या झाल्या. मग दोन संध्याकाळी जुना टूथब्रश आणि सुई घेऊन सरळ करत बसलो. बरोबर पद्धत अशी: इंजिन पूर्ण गार, साधा पाइप, हलकं पाणी, आणि जमेल तिथे आतून बाहेरच्या दिशेने.

आता फॅन. हात लावण्याआधी किल्ली काढा आणि बॅटरीची मायनस वायर सोडा. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही हा फॅन अचानक फिरतो, बोट जाऊ शकतं.

मी या क्रमाने गेलो. फ्यूज बघितला, ठीक होता. गेला असता तर तेवढ्याच अँपिअरचा टाकायचा, तार गुंडाळायची नाही, गाडी पेटते. मग रिले. दीडशे रुपयांचा नवीन आणून लावला, फॅन ढिम्म. ही दुसरी चूक. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता, तो लावून फुकटात तपासता आलं असतं. मग फॅनला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट दिले. गरगर फिरला! म्हणजे मोटर चांगली.

राहिली वायर. बॅटरीची वायर परत जोडली, एसी चालू केला, हात आणि कपडे पट्ट्यापासून लांब ठेवून मल्टिमीटर लावला. फॅनच्या प्लस वायरवर १२ व्होल्टच्या वर, उत्तम. मग फॅनच्या अर्थच्या वायरपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं. इथे जवळपास शून्य यायला हवं. आलं १०.८! म्हणजे करंट येतोय, पण परत जायला वाट नाही. वायरच्या मागे मागे गेलो, तर बॉडीला कसलेल्या बोल्टखाली हिरवट गंज. पॉलिश पेपरने घासला, बोल्ट कसला, वर थोडं ग्रीस. बावीस हजारांचा कॉम्प्रेसर दहा रुपयांच्या पॉलिश पेपरने बरा झाला.

उभ्या गाडीत पाच मिनिटांनी: १७. छान, पण आधी कधीतरी यापेक्षा थंड व्हायची. आणि इथून पुढे मी थांबलो.

गॅसच्या नळ्यांना हात लावायचा नाही, ही माझी रेषा. कारणं ऐका. टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय दाब असतो. उन्हाळ्यात एसीच्या गरम बाजूला तो २००च्या वर जातो. आर-१३४ए हा गॅस बाहेर पडला की उणे २६ अंशांना उकळतो, कातडी आणि डोळे गोठवू शकतो. शिवाय तो हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता अडवतो. आणि कुणी स्वस्तात स्वयंपाकाचा गॅस भरून देतो म्हणालं, तर तिथून निघा. केबिनमध्ये गळला तर एक ठिणगी पुरते.

म्हणून गॅस काढून वजन करणारं मशीन असलेल्या वर्कशॉपमध्ये गेलो. गाडीवर स्टिकर असतो, त्यावर कुठला गॅस आणि किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. आमच्या स्टिकरवर होतं ४५०. मशीनने बाहेर काढला ६१०! म्हणजे गॅस कधी संपलाच नव्हता. वरून अंदाजाने ओतला होता आणि जास्त गॅसनेही दाब वाढून थंडावा कमी होतो. मोजून ४५० भरला. दीड हजार गेले, ते मी आनंदाने दिले. उभ्या गाडीत: १३.

व्हॅनमध्ये झोपणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. हा एसी इंजिनवर चालतो. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. आणि घरचा एसी बॅटरीवर चालवायचा विचार असेल तर हिशेब करा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १.२ युनिट. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. म्हणजे तासभरही धड नाही.

माझं म्हणणं असं नाही की मेकॅनिककडे जाऊ नका. जाताना चार आकडे घेऊन जा. "एसी थंड करत नाही" असं सांगितलं तर गॅस भरून मिळतो. "पळताना ११, उभी असताना २५" असं सांगितलं तर चांगला माणूस आधी फॅनकडे बघतो.

त्यानंतरच्या गुरुवारी बाळापूरजवळ पुन्हा रांग होती. वीस मिनिटं उभे होतो. मी आरशातून सारखं मागे बघत होतो. शेवटी आजी म्हणाली, "आता बंद कर थोडा. थंडी वाजून रायली मले."

तुमच्या गाडीचे आकडे मला पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.