दऱ्या आणि दर्या

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



समितीने मला सांगितले, "तू कॉम्प्युटरवाला, दहा मिनिटे बोल, पण आम्हाला कळेल असे बोल." प्रयत्न करतो. समोर मराठीच्या बाई बसल्या आहेत, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची भीती अजूनही आहेच.

३ जून २०२० चे निसर्ग वादळ आपण कोणीच विसरणार नाही. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. शाळेचे पत्रे उडाले आणि कपाटातल्या जुन्या स्मरणिकांचा लगदा झाला. त्यातच आपल्या शिपाईमामांनी लिहिलेला एकुलता एक लेखही होता. मामा आता नाहीत. मग एका वर्गमित्राच्या घरी त्या स्मरणिकेची सीडी सापडली. आनंदाने फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, डॉलर, कंस आणि टिंबे यांचा नुसता काला!

असे का झाले? त्या काळचे मराठी फॉन्ट म्हणजे वेषांतर होते. संगणकाला इंग्रजी अक्षरांचे क्रमांक तेवढे माहीत. ९७ हा क्रमांक छोट्या 'ए'चा. फॉन्ट बनवणाऱ्याने त्या जागी एखाद्या मराठी अक्षराचे चित्र बसवले. पडद्यावर मराठी दिसे, फाइलमध्ये मात्र 'ए'च साठवलेला असे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःचे क्रमांक आहेत, विंडोज २००० बरोबर 'मंगल' फॉन्टही आला. पण छापखान्यांतले जुने फॉन्ट पुढे कित्येक वर्षे चालू राहिले.

म्हणजे कोणत्या क्रमांकावर कोणते अक्षर बसवले होते, हे कळल्याशिवाय मामांचा लेख वाचता येणार नव्हता. नशिबाने सीडीवर फॉन्टची फाइलही होती. पण फॉन्टची फाइल अशी उघडून वाचता येत नाही, ती यंत्रासाठी बांधलेली असते. ती सोडवायला 'फॉन्टटूल्स' नावाचा मोफत संच आहे. जुस्त व्हान रॉसम यांनी तो सुरू केला. पायथन भाषा बनवणाऱ्या गीदो यांचे ते भाऊ. त्यातली एक आज्ञा आहे 'टीटीएक्स'. काळ्या खिडकीत टीटीएक्स लिहायचे, पुढे फॉन्टच्या फाइलचे नाव, आणि एंटर. माउसचे काही काम नाही. फॉन्टची सगळी आतली रचना साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरते. आणि तीच आज्ञा त्या मजकुराच्या फाइलवर चालवली की पुन्हा फॉन्ट तयार!

त्या मजकुरात 'सीमॅप' नावाचा तक्ता असतो: या क्रमांकाला ही आकृती. 'ग्लिफ'च्या तक्त्यात प्रत्येक आकृतीच्या रेषा बिंदूबिंदूंनी मांडलेल्या असतात. पण आकृत्यांची नावे इंग्रजीच होती. हा 'ग'चा अर्धा भाग की 'म'चा, हे यंत्राला कुठून कळणार? म्हणून सगळ्या आकृत्या कागदावर मोठ्या छापल्या आणि बाईंच्या घरी गेलो. दोन दुपारी बाईंनी एकेका चित्राखाली पेन्सिलीने अक्षर लिहिले. चहा दोनदा गार झाला. शाळेत मी बाईंची शुद्धलेखनाची वही कधी वेळेवर दिली नाही. ही वही मात्र पुरी झाली.

तक्ता झाला, तरी काम संपले नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असत. 'किनारा' लिहिताना आधी वेलांटी, मग 'क'. युनिकोडमध्ये आधी 'क', मग वेलांटी. रफाराचे उलटे. 'कर्वे' शब्दात जुन्या पद्धतीने रफार शेवटी येई, युनिकोडमध्ये तो 'वे'च्या आधी यावा लागतो. हे आधी केले नव्हते, म्हणून पहिल्या फेरीत आपल्या गावाचे अण्णा कर्वे आणि दुर्गादेवी दोघेही विद्रूप झाले. रफार हलवण्याचा नियम लिहिला, तेव्हा ते पूर्ववत झाले.

मग बाईंनी छापील प्रत वाचताना एका वाक्यावर बोट ठेवले. मामा लिहितात, पावसाळ्यात शाळेची घंटा वेळेवर व्हावी म्हणून मी दऱ्या ओलांडत येई. आमच्या प्रतीत आले होते, 'दर्या ओलांडत येई'. बाई म्हणाल्या, "अरे, मामा डोंगरातून यायचे. तू त्यांना समुद्रातून आणलेस!" जुन्या फॉन्टमध्ये 'दऱ्या'तल्या आडव्या अर्ध्या 'र'ची आकृती वेगळी होती, बाईंनी ती बरोबर ओळखलीही होती, माझ्या तक्त्यात मी तिला साध्या 'र'सारखे धरले होते. एक ओळ दुरुस्त केली आणि मामा पुन्हा डोंगरातून आले.

परतीच्या वाटेचीही एक गोष्ट सांगतो. नव्या स्मरणिकेसाठी मुक्त परवान्याचा एक फॉन्ट निवडला. छापून पाहिले तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे. शासनाने २००९ मध्ये ठरवलेली मराठी वळणे त्या फॉन्टमध्ये होती, पण आमचे छपाईचे सॉफ्टवेअर त्याला 'हा मजकूर मराठी आहे' हे सांगत नव्हते. मी फॉन्टचा मजकूर केला आणि सीमॅपमध्ये 'ल'पुढे मराठी आकृतीचे नाव लिहिले. 'कमल' छान आले, 'दिल्ली' मात्र फुटली! मधे पाय मोडलेला 'ल' दिसू लागला, कारण जोडाक्षराचे नियम मूळ आकृतीच्या नावाने लिहिलेले होते. ती ओळ पूर्ववत केली. मग 'जीसब' हा नियमांचा तक्ता उघडला. मराठी वळणाचा नियम तिथे फक्त 'मराठी' या नावाखाली होता. तोच सर्वसाधारण भाषेखालीही नोंदवला. टीटीएक्सने पुन्हा फॉन्ट बांधला, आणि 'ल', 'श', 'दिल्ली' सगळे जागेवर आले. परवान्याप्रमाणे बदललेल्या फॉन्टचे नावही बदलले. एक लक्षात ठेवा, विकतच्या फॉन्टमध्ये असे बदल करायला परवानगी असतेच असे नाही. जुन्या फॉन्टमध्ये म्हणून आम्ही काही बदलले नाही, फक्त वाचले.

तेव्हा विनंती एवढीच. घरी जुन्या फ्लॉपी, सीडी असतील तर टाकू नका. शाळेच्या नाटकांचे कागद, सत्काराची भाषणे, आजोबांची टिपणे, काहीही असेल. फाइलबरोबर फॉन्टही आणा. तो नसेल तर निदान एखादे छापील पान आणा, त्यावरूनही अक्षरे जुळवता येतात. तक्ता तयार आहे. वाचायला बाई आहेत, आणि नव्या तुकडीतल्या दोन मुलींनी काळी खिडकी शिकून घेतली आहे.

मामांचा लेख या स्मरणिकेत पुन्हा छापला आहे. त्यांची नात आज इथे आली आहे. काल रात्री मी तो तिला मोबाइलवर पाठवला. तिने आजोबांचे अक्षर पाहिले होते, लेख वाचला नव्हता. सकाळी तिचा निरोप आला, "काका, त्या दऱ्या मला दाखवाल का?" उद्या सकाळी सात वाजता शाळेच्या फाटकापाशी जमू. ज्यांचे गुडघे ठीक आहेत त्यांनी जरूर यावे.