दोन तारे आणि एक फीत

जुने लष्करी बिल्ले जमवण्याचा मला नाद आहे. त्यापायी एकदा भीमाशंकरच्या वाटेवर तळेघरला गेलो. एका घरी आजींनी लोखंडी ट्रंक उघडली. तळाशी खाकी खांदेपट्टी आणि दोन पितळी तारे.

"पणजोबा लेफ्टनंट होते," नातू म्हणाला. फोटोखालीही त्याने तसेच लिहिले होते.

चूक सहज होते. लेफ्टनंटला दोन तारे, सुभेदारालाही दोनच. फरक असतो तो सुभेदाराच्या ताऱ्यांखालच्या लाल-पिवळ्या फितीचा. पितळ टिकते, फीत कसर खाते. म्हणून मोडीच्या दुकानातल्या सुट्या ताऱ्यांवरून हुद्दा सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. काळ मात्र ओळखता येतो. १९५० साली प्रजासत्ताक झाल्यावर 'बाथ' या ब्रिटिश सन्मानाचा चौकोनी तारा जाऊन पाच टोकांचा आला. मेजरच्या खांद्यावरचा मुकुट गेला, तिथे अशोकस्तंभाचे सिंह बसले.

इथले तारे पाच टोकांचे होते. पट्टीच्या शिवणीत फितीची लाल-पिवळी चिंधी अडकली होती. मी सुभेदार म्हणताच नातवाचा चेहरा पडला. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस किती वर्षांनी तिथवर पोचतो, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

आजी म्हणाल्या, "अरे, गाव मामंजींना सुभेदारच म्हणायचं."

बिल्ले मी मागितले नाहीत. चिंचेने घासू नका आणि ती चिंधी टाकू नका, एवढे सांगितले. निघालो तेव्हा नातू फोटो खाली उतरवत होता.